शेऱ्याचा रकाना

सकाळी साडेसहा. वहीत लिहिते:
बॅटरी बारा पूर्णांक एक.
वारा मतलई, अजून.
पाकोळ्या गुहेबाहेर पडल्या सहा वाजून दोन मिनिटांनी.
शेरा: काही नाही.

बेटावर निळ्या काचेचे चार पत्रे आहेत,
वेंगुर्ल्याहून होडीत उभे बांधून आणलेले,
मधे गोधड्या घालून,
लग्नघरी आरशाचं कपाट नेतात तसे.
रात्रीतून त्यांच्यावर मीठ बसतं,
मिठावर कुरवांची शिट,
शिटेवर पुन्हा मीठ.
पिंपातलं पाणी मोजून, दीड तांब्या.
झिलू तांडेल जुन्या लुंगीचं फडकं फिरवतात,
वरून खाली, वरून खाली.
"बाये, काचेर मीठ बसला काय
सूर्य आंधळो जाता."

रात्रीचा हिशेब माझ्याकडे.
गुहेच्या तोंडाशी कॅमेरा: तो बंद करायचा नाही.
वायरलेस: तासाला पाच मिनिटं.
पंखा: एप्रिलमध्येसुद्धा नाही.
फोन: आईला "जेवले" सांगण्यापुरता.
दिवा खोक्यात. विणीच्या दिवसांत
इथे दिवा लावत नाहीत,
एवढं ऊन साठवून आम्ही
अंधारातच भात कालवतो.

पहिल्या वर्षी जनरेटर होता.
त्याचा आवाज कपारीत शिरून दुप्पट होऊन यायचा.
मीठ द्या! काय? मीठ!
त्या वर्षीच्या वहीत माझ्याच अक्षरात आहे:
पाकोळ्या मुक्या वाटतात.

पत्रे बसले त्या संध्याकाळी
जनरेटरवर ताडपत्री टाकली
आणि गुहेतून ऐकू आलं,
ओल्या सुपारीवर अडकित्ता,
मग दहा, मग मोजता येईनात इतके अडकित्ते.
काळोखात त्या असा आवाज फेकतात,
खडकावरून परतलेला ऐकून वळतात,
आणि हजारांतलं आपलं घरटं गाठतात,
लाळेचं, अर्ध्या करवंटीहून लहान.
हे मी पुस्तकात वाचलं होतं.
झिलू तांडेलांनी नव्हतं वाचलेलं.
बऱ्याच वेळाने म्हणाले,
"ह्यो आवाज माका ठाऊक असा."

विशीत ते बांबूवरून चढायचे,
दातांत बॅटरी, कमरेला पिशवी.
"घरटां खरवडताना तोंडार येवन आपटत.
पैशे बरे गावत."
त्यांनी फडकं पिळलं, कातळावर पसरलं,
वर एक दगड ठेवला.
मी वहीत काही लिहिलं नाही.

परवा तिसरा दिवस मळभाचा.
रात्री एक वाजता अकरा पूर्णांक पाच,
इन्व्हर्टर मांजरीसारखा ओरडू लागला,
आणि खाली, कातळाला लागून,
दिवा न लावलेली होडी.
वायरलेसवर निवती, निवती म्हणाले.
दोनदा म्हणाले. तिसऱ्यांदा लाल ठिपका विझला.
कॅमेराही गेला असणार.
मी खोक्यातला दिवा चाचपडत होते.
"उजेड नको," तांडेल म्हणाले,
आणि कान त्या इंजिनाकडे लावून बसले.
धग, धग, मधेच एक ठसका.
मग उभे राहून त्यांनी काळोखात
एक नाव फेकलं.
नुसतं नाव. शिवी नाही, आरोळी नाही,
जेवायला हाक मारावी तसं.
नाव खडकावर आपटून परत आलं.
होडी थांबली.
मग ठसका लांब लांब जात राहिला.

"नाव लिहू का वहीत?"
"नको. येवचो नाय परत."
"कशावरून?"
त्यांनी तंबाखू मळली, तोंडात टाकली नाही.
"तेका चढूक मीयांच शिकवलंय."

सकाळी साडेसहा.
बॅटरी अकरा पूर्णांक दोन. वारा पडलेला.
पाकोळ्या सहा वाजून एक मिनिटाने.
पूर्वेला ढगाची कड फाटली होती,
आणि तांडेल पत्रे पुसत होते,
दीड तांब्याच्या जागी दोन.
मी पाहिलं, बोलले नाही.
शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं:
मळभ.